कॅसेटला फुंकर घालू नका

दिवाळीच्या आधी इंदुरातल्या मराठी घरांत माळा उतरवला जातो. घर रामबागेतलं जुनं असो की लोकमान्यनगरातलं नंतरचं, माळ्यावर सामान तेच सापडतं. कुणाच्या तरी मुंजीत आलेली ताटं, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, बिनझाकणाचे डबे आणि सगळ्यांच्या मागे एक खोका. खोक्यात पिवळट पडलेला व्हिडिओ गेम, वायरी गुंडाळलेले दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि चार-पाच कॅसेट. अ‍ॅडॅप्टर मात्र नसतो, कारण तो कधीच दुसऱ्या कशाला तरी लागलेला असतो. मग कुणीतरी सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर काढून आणतं, पिन चपखल बसते आणि बटण दाबलं जातं.

ते बटण दाबायच्या आधी पाच मिनिटं थांबा. आपल्याकडे घरोघरी होता तो व्हिडिओ गेम म्हणजे निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. या यंत्राला आत लागतात ५ व्होल्ट. बाहेरून येतात ९. मधलं काम करतो ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर. जास्तीचे व्होल्ट तो उष्णतेच्या रूपात टाकून देतो. यंत्र ०.३ अँपिअर घेत असेल, तर ९ व्होल्टवर रेग्युलेटरला १.२ वॅट पचवावे लागतात, १२ व्होल्टवर २.१. नकली यंत्रांत त्याच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी असते, कधी तीही नसते. म्हणून सेट-टॉप बॉक्सच्या १२ व्होल्टवर गेम दहा मिनिटं छान चालतो आणि मग अडकतो. कॅसेट खराब नसते, रेग्युलेटर तापून स्वतःला बंद करून घेत असतो.

हे तरी निभावतं. उलटी ध्रुवता निभावत नाही. आजचे बहुतेक अ‍ॅडॅप्टर मधली पिन धन ठेवतात, आणि फॅमिकॉमच्या घराण्यातल्या बऱ्याच यंत्रांना मधली ऋण लागते. सॉकेटशेजारी चिन्ह छापलेलं असेल तर ते बघा. नसेल तर पेचकसाने खालचे स्क्रू काढा आणि मल्टिमीटर बीपवर लावा. ७८०५ ची अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला ग्राउंड, उजवा ५ व्होल्टचा. एक टोक मधल्या पायाला, दुसरं सॉकेटच्या आतल्या पिनेला लावा. बीप वाजला तर मधली पिन ऋण. बाहेरच्या पत्र्याला वाजला तर मधली धन. दोन्हीकडे वाजलाच नाही, तर आत चार डायोडचा पूल असण्याची शक्यता जास्त, आणि मग यंत्र कसंही लावलं तरी चालतं. महाराणी रोडवर इलेक्ट्रिकच्या दुकानांतून असा अ‍ॅडॅप्टर मागताना नुसतं ‘नऊ व्होल्ट’ म्हणू नका. किती अँपिअर आणि मधली पिन कोणती, हेही सांगा. ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर किंवा अधिक, मधली ऋण. ट्रान्सफॉर्मरवाला जड अ‍ॅडॅप्टर मिळाला तर मोकळा मोजल्यावर तो १२-१३ व्होल्ट दाखवील. घाबरू नका, यंत्र जोडलं की तो खाली येतो.

या अ‍ॅडॅप्टरची दुसरी बाजू जुन्या इंदूरकरांना आठवेल. ७८०५ ला ५ व्होल्ट सोडायला आत निदान ७ लागतात. ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॅप्टर घरातल्या विजेच्या प्रमाणात वरखाली होतो. घरात २३० च्या जागी १६० व्होल्ट आले, की ९ चे ६.३ होतात. मग पडद्यावर आडव्या जाड पट्ट्या वर सरकू लागतात, रंग मळतात आणि उडी मारताना मारिओ मध्येच मरून पहिला पडदा परत येतो. संध्याकाळी सात वाजता, आख्ख्या गल्लीत दिवे लागल्यावर, हे हमखास व्हायचं. लोक कॅसेट काढून फुंकायचे.

आता त्या फुंकरीबद्दल. कॅसेट फुंकल्यावर गेम चालू व्हायचा, हे खरं. पण चालू व्हायचा तो कॅसेट काढून परत घातल्यामुळे. पिनांना सॉकेटच्या स्प्रिंगांशी नव्याने भेटायची संधी मिळायची, आणि तोंडातल्या ओलाव्याने क्षणभर संपर्क सुधारायचा. तोच ओलावा नंतर तांब्यावर हिरवा-काळा थर चढवतो. पावसाळ्यात तर फुंकरीची गरजही नसते, हवा ते काम करते.

फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, दोन बाजूंना तीस-तीस. त्यांतला एक गट प्रोग्रॅमचा, दुसरा चित्रांचा. हे लक्षात ठेवलं की दोष पडद्यावरच ओळखता येतो. संगीत नीट वाजतंय, रिमोट चालतोय, पण मारिओच्या जागी अक्षरांचे तुकडे दिसतायत, तर चित्रांच्या पिनांवर मळ आहे. पडदा एकाच रंगाचा आणि आवाज शून्य, तर प्रोग्रॅमच्या पिनांवर.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९९ टक्क्यांचं. जेल रोडच्या डॉलर मार्केटात मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ‘भिया, आयपीए है क्या?’ एवढं विचारलं की पुरतं. औषधाच्या दुकानातलं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते पिनांवर चिकट थर सोडतं. कापसाची काडी आयपीएत बुडवून टिपून घ्या, ओघळता कामा नये. पिनांच्या लांबीच्या दिशेने, आतून कडेकडे ओढा. आडवी घासली तर एका पिनेचा मळ दुसरीवर जातो. पहिली काडी काळी होईल, दुसरी करडी. पांढरी निघेपर्यंत काड्या बदला. तरी डाग राहिला, तर शाळेतला मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. शाईचा निळा खरखरीत रबर आणि काचकागद मात्र नको. पिनांवरचा मुलामा इतका पातळ असतो, की एका घासण्यात खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात ती पिन कायमची जाते. सॉकेटसाठी जुनं एटीएम कार्ड घ्या, त्याला जुन्या मलमलीचा एकच वेढा द्या, आयपीए लावा आणि सरळ आत-बाहेर दहा वेळा करा. दोन वेढे दिलेत तर स्प्रिंगा फाकतात, आणि मग कुठलीच कॅसेट घट्ट बसत नाही. पाच मिनिटं वाळू द्या.

कॅसेट बाहेर आहेच, तर उघडूनही बघा. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये एक छोटीशी हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळ्या एपॉक्सीचा एक टपोरा थेंब. त्या थेंबाखाली चिप. यादीत नऊ हजारांवर नावं असली, तरी खेळ आठ-दहाच असतात. बाकी तेच खेळ वेगळ्या लेव्हलपासून किंवा जास्त जीव देऊन सुरू केलेले. फसवणूक खरीच, पण एका थेंबात सुपर मारिओ ब्रदर्स, कॉन्ट्रा आणि बॅटल सिटी एकत्र बसू शकले, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

१९८५ चा आख्खा सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटचा आहे. ३२ प्रोग्रॅमचे, ८ चित्रांचे. यंत्राची कामाची मेमरी २ किलोबाइट. मोबाइलवर आलेला एक शुभप्रभातचा फोटो याहून मोठा असतो. एवढ्यात ३२ लेव्हल कशा बसवल्या? आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप शेजारी शेजारी ठेवून बघा. आकार एकच आहे, पांढऱ्याच्या जागी हिरवा रंग घातलाय. गरीबाघरची बाई एकाच साडीला पुन्हा रंग देऊन नेसते, तशी ती कारागिरी आहे, आणि तिच्याबद्दल मला अतोनात आदर वाटतो. जुन्या खेळांचं सौंदर्य या टंचाईतून आलंय. टंचाई कुठे होती ते कळलं, की खेळ दुसऱ्यांदा आवडतो.

कॉन्ट्रामध्ये दोघं खेळत असताना गोळ्या आणि शत्रू लुकलुकतात. लोक टीव्हीला थापड मारायचे. या यंत्राला पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठच हलती चित्रं काढता येतात, प्रत्येक ८ ठिपके रुंद. एक माणूस म्हणजे रुंदीला दोन चित्रं. दोघं खेळाडू आणि दोन शत्रू एका उंचीवर आले की आठ संपले, नववी गोळी दिसणारच नाही. ती कायमची अदृश्य राहिली तर खेळाडू न दिसणाऱ्या गोळीने मरेल. म्हणून प्रोग्रॅमर दर फ्रेमला, म्हणजे पडदा नव्याने काढला जातो त्या प्रत्येक वेळी, क्रम फिरवतात. या फ्रेमला एकाची पाळी चुकते, पुढच्या फ्रेमला दुसऱ्याची. सेकंदाला पन्नास-साठ वेळा हे घडतं आणि सगळंच थोडं थोडं दिसतं. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी सोडतात, तशी ही वाटणी आहे.

याहून आधीचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स, टोमोहिरो निशिकाडो यांनी घडवलेला. पडद्यावर ११ च्या पाच रांगा, ५५ परग्रहवासी. प्रोसेसर दर फ्रेमला एकाच प्राण्याला हलवू शकतो. म्हणजे पूर्ण फौजेला एक पाऊल सरकायला ५५ फ्रेम, जवळजवळ एक सेकंद. निम्मे मारलेत की पाऊल निम्म्या वेळात पडतं. शेवटचा एकच उरला की तो प्रत्येक फ्रेमला पळतो. जिंकत जाल तशी धडधड वाढत जाते, हे आज सगळ्या खेळांत मुद्दाम रचतात. त्या वेळी ते यंत्राच्या संथपणातून आपोआप आलं आणि निशिकाडोंनी ते तसंच राहू दिलं. ते राहू देणं हीच त्यांची दृष्टी.

खोक्यातली बंदूक मात्र आता चालणार नाही. ती बिघडलेली नाही, तिचा टीव्ही गेलाय. डक हंटमध्ये चाप ओढला की पडदा एका फ्रेमपुरता काळा होतो. पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. दोन बदकं असली तर चौकोन एकामागून एक येतात. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. काळ्यानंतर पांढरं दिसलं, तर नेम लागला. कितव्या फ्रेमला दिसलं, त्यावरून कोणतं बदक ते ठरतं. काळी फ्रेम आधी असल्यामुळे बल्बवर नेम धरून फसवता येत नाही. डबा टीव्ही सिग्नल आला त्याच क्षणी इलेक्ट्रॉनच्या झोताने रेषा काढत जातो. चपटा टीव्ही आधी चित्र साठवतो, मोठं करतो, मग दाखवतो. पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत गेमने बघणं थांबवलेलं असतं.

हाच उशीर मारिओच्या उडीतही येतो, फक्त तो लक्षात येत नाही. चपट्या टीव्हीने चित्रावर प्रक्रिया करण्यात ५० ते १०० मिलिसेकंद घेतले, तर ६० फ्रेमच्या हिशेबाने तीन ते सहा फ्रेम गेल्या. मुलं म्हणतात जुना गेम अवघड आहे, मोठी माणसं म्हणतात हात राहिला नाही. दोघांनीही आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करावा. आणि शक्यतो एव्हीला एचडीएमआयमध्ये बदलणारा स्वस्त डबा मध्ये लावू नये. टीव्हीला स्वतःचा एव्ही असतो, कधी तो ३.५ मिलिमीटरच्या गोल भोकात लपलेला असतो. त्याची वायर प्रत्येक कंपनीची वेगळी. पिवळ्यात पिवळी लावूनही पडदा काळा राहिला, तर लाल आणि पांढऱ्यात लावून बघा. चित्र काळं-पांढरं आलं, तर रंगपद्धती ‘ऑटो’वर ठेवा.

डबा टीव्ही अजून चालू असेल, तर तो भंगारात देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. १९९१ च्या सॉनिकमध्ये पहिल्याच लेव्हलला धबधबा आहे. सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्राला तिथे अर्धपारदर्शक पाणी दाखवायची सोय नव्हती. म्हणून चित्रकारांनी उभ्या रेघा काढल्या, एक पाण्याची, एक मोकळी. पिवळ्या एव्ही वायरीतून जाताना शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि रेघांचं खरंच पारदर्शक पाणी होतं. स्वच्छ चपट्या पडद्यावर, चांगल्या वायरीने लावलं, की गजांसारख्या रेघा दिसतात. वायरीचा दोष धरूनच ते चित्र काढलंय. तसंच लुकलुकणाऱ्या गोळ्यांचं. काही नवे टीव्ही जुन्या सिग्नलच्या दोन-दोन फ्रेम एकत्र करतात. तिथे एकाआड एक दिसणारी गोष्ट कधी कधी दिसतच नाही.

लाइट जाण्याचा विषय आपल्याकडे टाळता येत नाही. मध्य प्रदेशात २००३ ची विधानसभा वीज, रस्ते आणि पाणी यांवर लढली गेली. त्या काळात ज्या खेळाला सेव्ह नाही, तो खेळ संपवणं नशिबाच्या हाती होतं. बॅटल सिटीच्या ३५ लेव्हल, प्रत्येकीत २० रणगाडे, आणि तिसाव्या लेव्हलला लाइट गेली की पुन्हा पहिली. जपानी-अमेरिकी खेळांनी यावर पासवर्डचा तोडगा काढला होता. मेगा मॅन २ मध्ये २५ घरांच्या चौकटीत ९ ठिपके, मेट्रॉइडमध्ये २४ अक्षरं. खेळाची सगळी स्थिती त्या अक्षरांत कोंबलेली, मेमरीचा खर्च शून्य, वहीचं एक पान खर्च.

दुसरा तोडगा म्हणजे कॅसेटमधली बॅटरी. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेल्या द लेजंड ऑफ झेल्डाच्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी होती, आणि सूचना अशी की रिसेट दाबून धरून मगच पॉवर बंद करा. कारण वीज कमी होत असताना प्रोसेसर भरकटतो आणि शेवटच्या क्षणी सेव्हच्या मेमरीत काहीबाही लिहून ठेवू शकतो. रिसेट धरला की तो थांबलेला राहतो. लाइट जाताना रिसेट कुणी धरायचा? बरेच सेव्ह असे गेले असणार.

या बॅटऱ्या पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकतात. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरच्या कॅसेटमध्ये घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं, म्हणून तिथे ती लवकर संपते. २.५ व्होल्टच्या खाली आली की बदला. निन्टेन्डोच्या मूळ कॅसेटना ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. साध्या पेचकसाने स्क्रूचं डोकं गोल करून ठेवू नका. नवी बॅटरी पत्र्याच्या कानांची घ्या. सपाट बॅटरीला थेट डाख दिलात तर उष्णतेने ती फुटू शकते. जुनी काढली की सेव्ह गेलं, हे धरून चाला. ते वाचवायचंच असेल, तर पेन्सिल सेलचे दोन नग एकापुढे एक जोडून ३ व्होल्ट करा, बारीक वायरींनी बोर्डावर बॅटरीच्या धन-ऋण ठिकाणी समांतर लावा, मग जुनी काढून नवी बसवा आणि शेवटी सेल सोडवा. धन-ऋण दोनदा तपासा. सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका.

बाहेर पार्लरमध्ये ही चिंता नव्हती, तिथे टोकन संपलं की खेळ संपला. ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचे तो १९९३ चा कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. हल्ला आणि उडी ही दोन बटणं एकत्र दाबली की गर्दी फेकली जाते आणि आपलाही थोडा जीव जातो. किती जीव देऊन किती जागा मोकळी करायची, हाच त्या खेळाचा हिशेब. पार्लरचा खेळ एका टोकनात काही मिनिटंच टिकावा, अशा बेताने रचलेला असतो. घरच्या कॉन्ट्राचे तीन जीव हा त्याच हिशेबाचा वारसा आहे.

मग चकत्या आल्या. सोनीचं पहिलं प्लेस्टेशन १९९४ अखेरचं, मुख्य मेमरी २ मेगाबाइट. तिथली टंचाई वेगळी. घर, रस्ता, डोंगर सगळं तीन मितींत उभं करायचं आणि दूरवरचं काढायला ताकद नाही. १९९९ च्या सायलेंट हिलने शहरावर दाट धुकं सोडलं. धुक्यापलीकडे काढायला नको, आणि खेळणाऱ्याला धुक्यातून काय येईल याची भीती. पुढे प्लेस्टेशन २ ने ३२ मेगाबाइटमध्ये जीटीए सॅन अँड्रियासचा आख्खा प्रांत फिरवला. गाडी पुढे जाते तसा यंत्र समोरचा रस्ता डीव्हीडीवरून वाचतं आणि मागचा विसरतं. म्हणून लेझर थकला की आधी खेळ बंद पडत नाही, आधी रस्ता उशिरा येतो. इमारती गाडीसमोर अचानक उगवू लागल्या, की भिंगाकडे बघायची वेळ झाली.

भिंगावर आधी हवेच्या रबरी पंपाने धूळ उडवा, मग आयपीएने जेमतेम ओली केलेली काडी गोल फिरवा. भिंग तारांच्या झोक्यावर असतं, दाबलं तर झोका वाकतो. लेझर सरकतो ते दांडे पुसून त्यांना पांढऱ्या लिथियम ग्रीसचा ठिपका द्या. लेझरच्या पाटीवर एक बारीक फिरवायचा स्क्रू असतो. काही कारागीर तो फिरवून लेझरची ताकद वाढवतात. त्या दिवशी गेम चालतो आणि काही महिन्यांत लेझर मरतो. तो फिरवू देऊ नका. पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या मॉडेलांत लेझरची प्लास्टिकची वाट झिजून तो तिरका व्हायचा, म्हणून लोक यंत्र उलटं ठेवून खेळायचे. तो वेडगळपणा नव्हता, झिजलेल्या बाजूचा भार खरंच बदलत होता.

चकती पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसल्याने पडलेला ओरखडा वाचनाच्या दिशेनेच पडतो. सीडीच्या बाबतीत चित्राच्या बाजूला जपा. माहितीचा थर त्या छापील रंगाच्या लगेच खाली असतो आणि तिथला ओरखडा कशानेच भरून येत नाही. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, ती जास्त सोशीक.

रिमोटचं बटण जोरात दाबावं लागत असेल, तर आतलं रबर काढून साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि बोर्डावरच्या काळ्या पट्ट्यांवर आयपीएची काडी हलकेच फिरवा. हलकेच यासाठी, की काळं आहे तो कार्बन आहे, मळ नव्हे. नव्या यंत्रांच्या रिमोटवरची दिशा देणारी काडी, म्हणजे जॉयस्टिक, आपोआप एका बाजूला सरकते, तिचं मूळही कार्बनच. ती किती वळली ते मोजणारा खालचा पोटेन्शिओमीटर रोज घासून झिजतो. ती बदलायला बहुतेकदा १४ डाख काढावे लागतात. आता चुंबकावर चालणाऱ्या काड्या मिळतात, त्यांत घासणारं काही नाही. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये ही पद्धत वापरली होती आणि त्या काड्या आजही सरळ चालतात.

या सगळ्या खटपटीनंतर लावायला एक खेळ सुचवायचा, तर टेट्रिस. अलेक्सेई पाजित्नोव्हनी तो १९८४ मध्ये मॉस्कोत अशा संगणकावर लिहिला, ज्याला चित्रं काढता येत नव्हती. चौकोनांच्या जागी त्यांनी कंस छापले. निन्टेन्डोच्या १९८९ च्या आवृत्तीत २९ व्या लेव्हलला तुकडा दर फ्रेमला एक घर खाली येतो. विहीर २० घरांची, म्हणजे खाली यायला एक तृतीयांश सेकंद. बटण दाबून धरलं तर तुकडा पहिल्या घरानंतर १६ फ्रेम थांबतो, मग दर ६ फ्रेमला एक घर सरकतो. कडेला पोहोचायच्या आत तो तळाशी बसलेला असतो. म्हणून कित्येक वर्षं २९ वी लेव्हल हीच शेवटची समजली जायची. मग खेळणाऱ्यांनी बटण धरणं सोडलं. अंगठा बटणावर नुसता टेकवून, रिमोटच्या पाठीवर दुसऱ्या हाताची बोटं एकापाठोपाठ एक, तबल्यावर वाजवावीत तशी मारायला सुरुवात केली. प्रत्येक बोट एक दाब. २१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतला १३ वर्षांचा एक मुलगा १५७ व्या लेव्हलला पोहोचला आणि गुण मोजता मोजता खेळच गोठला. ३४ वर्षांच्या जुन्या कॅसेटला त्या आधी कुठल्याही माणसाने तिथपर्यंत नेलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर खोका परत माळ्यावर जाईल. बॅटरीचे सेल काढून ठेवा. वायर यंत्राभोवती गुंडाळू नका. वायरीचं मऊ प्लास्टिक यंत्राच्या कडक प्लास्टिकला हळूहळू विरघळवतं आणि चिकट चर पडतो. वायर सैल वेटोळी करून वेगळ्या पिशवीत ठेवा, बांधायला रबरबँड नको, सुतळी चालेल. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या टाकू नका. आणि अ‍ॅडॅप्टरला पांढरी पट्टी चिकटवून पेनाने लिहा: ९ व्होल्ट, मधली ऋण, हा गेमचा आहे, दुसऱ्या कशाला लावू नये.